क्लास, मोबाइल आणि भजनी मंडळ

वऱ्हाडात वाद्य शिकण्याचे दोन रस्ते आधीपासूनचे. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत संगीत वर्गांच्या पाट्या दिसतात. तिथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या पायऱ्या असतात, वर्षातून दोनदा परीक्षा होतात आणि भिंतीवर प्रमाणपत्रं लागतात. शहरातून अर्धा तास बाहेर पडलं की मात्र मारुतीच्या देवळातला पेटीवाला यातल्या एकाही परीक्षेला बसलेला नसतो. तुम्हाला शिकवलं कोणी, असं विचारलं तर तो भजनी मंडळाकडे बोट दाखवतो. आता या दोन्हींच्या जोडीला मोबाइल आला आहे आणि घराघरांत प्रश्न पडतो आहे: पोरांना क्लास लावायचा, की त्यांचं त्यांना शिकू द्यायचं?

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका घरी हा विषय तबल्यावरून निघाला. घरातली दहा वर्षांची मुलगी बरेच दिवस तबल्यासाठी मागे लागली होती. तिचे वडील सरकारी नोकरीत. पेटी ते मोबाइलवर पाहून शिकले आणि दर गुरुवारी मंडळात भजनाला साथ करतात. अमरावतीहून त्यांची मावशी आली होती. गाडगेनगरात गाणं आणि पेटी शिकवण्यात तिची हयात गेली. जीव दोघांचाही संगीतात, म्हणून वादही तितकाच मनापासून झाला.

"क्लास कायले पाहिजे, मावशी?" भाचा म्हणाला. "मी कोणाकडे गेलो होतो? आणि माझं सोड. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली तं हजारो लोकं रात्र-रात्र बसून राहत. ते कोणत्या क्लासले गेले होते?"

वऱ्हाडात हा दाखला निघाला की समोरचा माणूस सहज उत्तर देऊ शकत नाही. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाचं शाळेतलं शिक्षण जेमतेम होतं. पुढे तुकडोजी महाराज झालेल्या त्याच मुलाचं भजन ऐकायला गावंच्या गावं लोटली. 1936 साली सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात ते भजन झालं, 1942 च्या आंदोलनात त्यापायी तुरुंगवास घडला आणि 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत खंजिरी पोचली. हे वाद्य म्हणजे लाकडाचं लहानसं कडं, त्यावर एका बाजूनं मढवलेलं चामडं आणि कड्यात बसवलेल्या झांजा. खर्च कमी, ओझं नाही, आणि गाणाऱ्यालाच वाजवता येतं. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून आजही पोरं-पोरी खंजिरी घेऊन उभी राहतात, तेव्हा त्यांच्यामागे अभ्यासक्रम नसतो.

मावशीनं हे सगळं मान्य केलं आणि एकच गोष्ट विचारली. "महाराज एकटे शिकले, असं तुले कोणी सांगितलं? लहानपणी वरखेडले आडकोजी महाराजांपाशी ते भजनातच तं बसत. भजनात बसणं म्हणजे एकटं शिकणं आहे का?"

मग तिनं मंडळाचं काम कसं चालतं ते बारकाईनं सांगितलं. नव्या पोराच्या हाती पहिल्यांदा टाळ येतात. पेटी किंवा मृदंग नाही. वर्ष-दोन वर्षं तो फक्त टाळ धरतो. ठेका बदलला, लय वाढली, गजराचा जोर आला की त्याचे हात इतरांच्या हातांबरोबर आपोआप बदलू लागतात. चुकला तर कोणी थांबून समजावून सांगत नाही; शेजारचा म्हातारा नुसता वळून पाहतो, आणि तेवढं पुरतं. कधीतरी मृदंगवाला लग्नाला परगावी जातो आणि तेव्हा याला मृदंगावर बसवतात. तोवर सगळे ठेके त्याच्या अंगात भिनलेले असतात, हातात उतरायचे तेवढे राहतात. शेगावचं गजानन महाराज संस्थान गावोगावच्या मंडळांना टाळ, मृदंग, वीणा देत आलं आहे. त्या सामानातून गावात अशा शिक्षणाचीच सोय होते. ज्यांना त्यापुढे जायचं असतं ती पोरं आळंदी गाठतात. तिथली वारकरी शिक्षण संस्था 1917 साली विष्णुबुवा जोगांनी काढली.

"म्हणजे फी नाही, पण मास्तर आहेत," मावशी म्हणाली. "वीस-पंचवीस मास्तर. तू मोबाइल घेऊन बसते तेव्हा तुह्याकडे वळून पाहणारं कोण असते?"

या लेखाच्या दृष्टीनं वादातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. क्लास की स्वयंशिक्षण, या प्रश्नात आपण भजनी मंडळाला बिनदिक्कत स्वयंशिक्षणाच्या बाजूला टाकतो, कारण तिथे फळा नाही आणि पावती नाही. पण मंडळात शिकणारा एक क्षणही एकटा नसतो. मेळघाटातला कोरकू मुलगा होळीच्या दिवसांत थोरांच्या शेजारी उभा राहून ढोलावर हात टाकायला शिकतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे कावड निघते, तेव्हा ढोलपथकातला सर्वांत लहान पोरगा पुढच्याच्या काठीवर डोळा ठेवून चालतो. शिकवणारा कोणी नेमलेला नसला, तरी चूक ऐकू येणारे कान तिथे असतात. घरातल्या खोलीत दार लावून मोबाइलसमोर बसलेल्याला ते मिळत नाहीत. मुलांना वाद्य शिकवताना आई-बापांनी फीचा हिशेब करण्याआधी हा फरक पाहायला हवा.

भाच्याजवळ याहून भक्कम दाखला होता. गोविंदराव टेंबे. 1881 साली कोल्हापूरजवळ जन्मलेले टेंबे पेटी बहुतांशी आपलं आपणच शिकले आणि मराठी मुलखातले नामांकित पेटीवादक झाले. 'संगीत मानापमान'च्या चाली त्यांच्या, 1932 च्या 'अयोध्येचा राजा'चं संगीत त्यांचं. "हे तं मंडळातले नाहीत नं? आणि क्लासमधलेही नाहीत!"

"टेंब्यांच्या कोल्हापुरात देवल क्लब होता रे," मावशी म्हणाली. "तिथे रोज थोरामोठ्यांचं गाणं कानावर पडे. भास्करबुवा बखल्यांकडून त्यांना तालीम मिळाली. अल्लादिया खाँसाहेबांपुढे शिकायले कधी बसले नाहीत, पण गुरू म्हणून नाव घेत ते त्यांचंच. बोटं त्यांची त्यांनी तयार केली, हे खरं. कान कोणी तयार केले?"

"मग मी तेच तं म्हणतो!" भाचा उसळला. "टेंब्यांले कोल्हापुरात जन्म घ्यावा लागला. माझा देवल क्लब माझ्या खिशात आहे. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकली आणि घर सोडून पळाले, गुरू शोधत हिंडले. माझ्या पोरीले तबल्यातल्या कोणत्याही घराण्याचा मोठ्यातला मोठा वादक ऐकाचा असन तं घर सोडाचं काम नाही. एकच कायदा दहा वेळा, हळू करून, थांबवून पाहते ते."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्या गावात रेडिओवर नागपूर केंद्र लागलं तरच मैफल कानी पडायची, तिथल्या माणसाला विचारावं म्हणजे या बदलाची किंमत कळते. अकोल्याहून बाहेर न पडता जगातला कोणताही कलाकार ऐकता येणं हे फार मोठं भाग्य आहे.

मावशीनं त्यावर कुमार गंधर्वांची गोष्ट काढली. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गात असे. जागाजागांसह, एकही हरकत न सोडता. लोक थक्क होत, बक्षिसं देत, आणि 'कुमार गंधर्व' ही पदवीही त्याला त्या वयात मिळाली. तरीही 1936 साली तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात दाखल झाला. रेकॉर्डवरून त्याला गाणं मिळालं होतं, पण ते तसंच का गायचं आणि वेगळं कसं गाता येईल, हे रेकॉर्ड सांगत नव्हती. "तुझा मोबाइल म्हणजे तीच रेकॉर्ड, जास्त चांगली," मावशी म्हणाली. "मोबाइल शिकवते, पण ऐकत नाही. दहा वेळा दाखवते. अकराव्या वेळी तू काय चुकला, ते त्याले माहीतच नसते."

"पुढची गोष्ट काहून नाही सांगत?" भाचा म्हणाला. त्यालाही कुमारजी पाठ होते. क्षयानं गाठल्यावर ते देवासला गेले, पाचेक वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात त्यांनी आजूबाजूच्या माळव्यातली लोकगीतं ऐकली आणि त्यातून त्यांच्या गाण्याला अगदी नवी दिशा मिळाली. तिथे कोणता मास्तर होता?

नव्हता. मावशीनं तसं सरळ सांगितलंही. पण देवधरांकडची वर्षं नसती तर त्या लोकगीतांत एवढं काही दडलेलं आहे हे त्यांच्या कानाला कळलं असतं का, हा तिचा प्रश्न उरलाच.

बाहेरच्या जगातलं एक संशोधन इथे उपयोगी पडतं, कारण ते सांगताना नेहमी अर्धंच सांगितलं जातं. 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम आणि साधारण विद्यार्थ्यांत ठळक फरक होता तो एकट्यानं केलेल्या रियाजाच्या तासांचा. पुढे हेच 'दहा हजार तास' म्हणून जगभर गाजलं. भाच्याच्या कानाला यातला 'एकट्यानं' हा शब्द गोड लागेल. पण त्या विद्यार्थ्यांचा एकट्याचा रियाज शिक्षकानं लावून दिलेला होता: कोणता तुकडा घ्यायचा, कुठे अडतं आहे, पुढच्या आठवड्यात काय दुरुस्त करून आणायचं. म्हणजे तास आपले, आणि त्या तासांत काय करायचं हे पाहणारे डोळे दुसऱ्याचे. एरिक्सन यांनी पुढेही हे वारंवार सांगितलं. तासांचा आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

एवढ्या वेळात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटत होती. वाद सगळ्या वाद्यांचा एकत्र चालला होता, आणि वाद्यं काही सारखी नसतात.

पेटीचंच घ्या. पॅरिसच्या अलेक्झांडर दबैं यांनी 1840 च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला हाताच्या भात्याचं, मांडी घालून वाजवण्याजोगं रूप दिलं. या वाद्यात सूर तयार मिळतो. पट्टी दाबली, भाता दिला की जो निघायचा तो स्वर निघतोच. नवशिक्याचा आणि उस्तादाचा गंधार इथे एकच. याच कारणानं आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं: स्वर जागच्या जागी खिळलेले, मींड नाही, श्रुती नाहीत. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून 386 सेंटांवर असतो, पेटीचा 400 वर. एका सप्तकाचे 1200 सेंट धरले तर 14 सेंटांचा हा फरक तयार कानाला टोचतो. पण ज्या दोषापायी पेटीवर बंदी आली, त्याच दोषापायी ती एकट्याला शिकता येते. भाच्याला पेटी जमली यात त्याची चिकाटी आहे आणि पेटीचा स्वभावही आहे.

बासरीचं याच्या अगदी उलट. बांबूला भोकं आहेत, पण कोमल स्वर अर्ध्या भोकावर बोट ठेवून काढायचे असतात, आणि ते अर्धं किती हे कानच ठरवतो. फुंकेचा कोन जरा बदलला तरी सूर हलतो. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या पुढे. हवा तापली की बासरीचा सूर चढतो. ज्याचा कान अजून पक्का नाही त्याला सूर चढलाय हेच कळत नाही, आणि रोज तासभर बेसूर वाजवून तो बेसूरच पक्का होतो. हरिप्रसाद चौरसियांची हकिकत संगीतातल्या लोकांना ठाऊक असते. आकाशवाणीत नोकरी करणारे, चित्रपटात वाजवणारे, नावाजलेले बासरीवादक असताना ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. आजवरचं विसरून पहिल्यापासून शिकावं लागेल, ही त्यांची अट होती. आपली तयारी खरी आहे हे पटवण्यासाठी चौरसियांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडची बासरी डावीकडे आली.

"पाह्य, आधी त्यांचे गुरू होतेच की," भाचा म्हणाला. "बनारसच्या भोलानाथ प्रसन्नांकडे वर्षानुवर्षं शिकले. तरी नव्यानं सुरुवात करावीच लागली. मग गुरू करून काय फायदा झाला?"

"त्यांले कळलं नं, नव्यानं करावं लागते म्हणून. एकटा वाजवणारा तिथपर्यंत पोचतच नाही."

आणि तबला? इथे मावशीचा आवाज जरा चढला. प्रश्न तिच्या नातीच्या हाताचा होता. 'ना' वाजवताना तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकून राहते. ती टेकणं दिसायला काहीच नाही, पण स्वच्छ 'ना' निघतो तो त्या टेकण्यामुळे. व्हिडिओत पाहणाऱ्याला पडणारं बोट दिसतं, टेकलेलं दिसत नाही. डग्ग्यावर मनगट ठेवायचं कुठे, दाब द्यायचा किती, खांद्यातली ताकद वापरायची नाही, हे सगळं हात धरून दाखवायचं काम. पहिल्या वर्षात हात वाकडा बसला तर विलंबितात काही कळत नाही. दुगुन-चौगुन आली की बोटं अडखळतात, मनगट दुखू लागतं आणि पोरगी म्हणते, मला जमत नाही. दोष तिचा नसतोच. शिवाय तबला सुरात लावावा लागतो. पावसाळ्यात पुडी सैल पडते, उन्हाळ्यात ताणते. गट्ठे वर-खाली करत, गजऱ्यावर हातोडी मारत तो पट्टीत आणायचा. दहा वर्षांच्या पोरीला हे कोण करून देणार?

भाचा गप्प झाला. त्याच्या स्वतःच्या वाजवण्यातला एक सल मावशीनं नंतर हळूच बोलून दाखवला. मंडळातले पुरुष काळी एकमध्ये गातात, तोवर त्याची साथ देखणी असते. महिला मंडळ काळी चारमध्ये गाऊ लागलं की तो पेटीची स्केल सरकवतो आणि बोटं मात्र जुन्याच जागी फिरवतो. सरकती स्केल नसलेली पेटी समोर आली की त्याचे हात थांबतात. सगळ्या पट्ट्यांतून अलंकार घोटायला त्याला कोणी लावलंच नाही. गाणं यावं म्हणून तो शिकला आणि गाणी आलीही. जे कंटाळवाणं होतं ते मात्र राहून गेलं. आपलं आपण शिकणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, कारण नावडतं काम आपणच आपल्याला सांगत नाही.

भाच्यानं ते कबूल केलं, आणि मग जे बोलला ते मावशीला लागलं.

"क्लास, क्लास म्हणते तू. पण त्या क्लासच्या दारात कोण जाऊ शकत होतं? भीमजयंतीले आपल्याकडे गायन पार्ट्या होतात. पेटी, ढोलक, बेंजो. त्यातला कोणता पोट्टा पन्नास वर्षांपूर्वी बुवाच्या घरी बसून शिकला असता? त्याले घेतलं असतं का? ऐकून-ऐकून शिकले ते, कारण दुसरा रस्ताच नव्हता."

या बोलण्यात वऱ्हाडाच्याच नव्हे, सगळ्या हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचं एक दुखणं आहे. विद्या घराण्यात होती आणि घराणं घरात. बंदिशी लपवल्या जात. विष्णू नारायण भातखंडे या पेशानं वकील असलेल्या मराठी माणसानं देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्या मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत छापून टाकल्या. ज्याला वाचता येतं त्याला बंदीश मिळू लागली. एकट्यानं शिकणाऱ्याच्या हाती आज जे काही आहे त्याची सुरुवात त्या छपाईत आहे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही नीट पाहावी. आपण आज 'क्लास' जुना आणि 'आपलं आपण' नवं मानतो. फी भरून, ठरलेल्या वेळी, ठरलेला अभ्यासक्रम शिकायचा हा क्लास विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून रुजवला. गंडा बांधून वर्षानुवर्षं उस्तादाची सेवा करण्याऐवजी कोणीही यावं, नाव घालावं आणि शिकावं, असा तो बदल होता. बंद दारांवर धडक देणारी ती सुधारणाच होती. मध्यमवर्गीय घरांतल्या मुली-बायकांनी उघडपणे गाणं शिकावं, याला पुढे वाट मिळाली ती बऱ्याच अंशी अशा विद्यालयांमुळे.

मावशीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या वर्गात पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाया येतात. माहेरी वडील नको म्हणाले, सासरी वेळ नव्हता, आता मुलं पुण्याला नोकरीला आहेत. "त्यांच्या हातात मोबाइल नाही का? आहे नं. तरी येतात. घरी पेटी काढली की कोणीतरी चहा मागते. क्लासचा तास म्हणजे तो एक तास त्यांचा असते." अशा बाईला फी परवडते की नाही हा प्रश्न असतोच, पण तिला मास्तरइतकीच, घराबाहेरची एक जागा हवी असते. त्यांच्यातल्या कितीतरी जणी नंतर महिला भजनी मंडळात जाऊन बसतात आणि तिथल्या पेटीवर हात टाकतात.

क्लासच्या दुखण्याबद्दल मावशी भाच्यापेक्षा जास्त पोटतिडकीनं बोलली. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले, तसे आई-बाप पहिल्याच दिवशी विचारतात, तिसरी परीक्षा केव्हा होईल? परीक्षेचे तेवढे राग आणि परीक्षेचे तेवढे ताल घोटून घेतले जातात. मुलाला तीनतालाची सोळा मात्रांची मांडणी लिहिता येते, नवव्या मात्रेवर खाली हे तोंडपाठ असतं, आणि देवळात एखादं भजन उभं राहिलं तर ठेका धरता येत नाही. सम कुठे आली ते कागदावर कळतं, कानाला कळत नाही. गुण मिळाले की पेटी माळ्यावर. अशी मुलं पाहिली की आपण आयुष्यभर काय शिकवलं, असं तिला वाटतं. "त्यापेक्षा तुझं दर गुरुवारचं भजन मोठं," ती म्हणाली, आणि हे तिनं भाच्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं.

हे सगळं ऐकल्यावर या लेखकाचं मत मावशीकडे झुकतं, पण तिच्या क्लासच्या बाजूनं नव्हे. पेटी, बेंजो, खंजिरी यांत वाजवणारा बराच पल्ला आपल्या बळावर गाठू शकतो, मंडळ असेल तर आणखी लांबचा. तबला, बासरी, व्हायोलिन आणि गळा यांची सुरुवातीची वर्षं मात्र कोणाच्या तरी नजरेखालीच जायला हवीत. ती नजर फीची असो वा मंडळातल्या म्हाताऱ्याची. मोठ्या माणसानं एकट्यानं शिकायचं ठरवलंच, तर आपलं वाजवणं रोज मोबाइलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावं. वाजवताना लक्ष बोटांत गुंतलेलं असतं, लय कुठे पळाली ते कळत नाही; दुसऱ्या दिवशी तेच वाजवणं परक्यासारखं ऐकू येतं. मोबाइल ऐकत नाही हे मावशीचं म्हणणं खरं, पण तो आपल्याला आपलं ऐकवू शकतो. हा उपयोग फार थोडे लोक करतात.

मुलीचं ठरायला मग वेळ लागला नाही. तबल्याला मास्तर हवेत, हे भाच्यानं मान्य केलं. कोणते मास्तर, यावर मावशीनं सांगितलं की आधी एक दिवस वर्गात नुसतं बसून यावं. मास्तर स्वतः किती तयार आहेत ते पाहण्यापेक्षा ते पोरांच्या हाताकडे किती वेळ पाहतात ते पाहावं. पंधरा पोरं एकदम 'धा धिं धिं धा' वाजवत असतील आणि मास्तर दाराशी पालकांशी बोलत असतील, तर तिथून उठून यावं. आठवड्यातून दोन दिवस वर्ग, रोज घरी अर्धा तास, त्या वेळी मोबाइलवर लेहरा लावायचा म्हणजे लय हलणार नाही. आणि गुरुवारी पोट्टीनं बापाबरोबर मंडळात यायचं, पहिलं वर्षभर फक्त टाळ धरायचे. मुलीला तेवढं पसंत पडलं नाही. तिला पहिल्याच गुरुवारी तबल्यावर बसायचं होतं.

तबला घ्यायचा तर मास्तरांना बरोबर नेऊन घ्यायचा, हेही ठरलं. लहान तोंडाचा तबला काळी एकसारख्या चढ्या पट्टीत लागतो, मोठ्या तोंडाचा खालच्या पट्टीत. वर्गात आणि मंडळात कोणत्या पट्टीत वाजणार हे आधी विचारलं नाही, तर घेतलेला तबला एकीकडे निरुपयोगी ठरतो.

परीक्षेवर मात्र दोघांचं जमलं नाही. भाच्याचं म्हणणं, दहावीपर्यंत परीक्षेचं नावच काढायचं नाही, गुण गेले तर गेले. मावशीचं म्हणणं, परीक्षेमुळे नावडता अभ्यास होतो, त्याच्या हातून जो राहून गेला तो. अमुक सत्राला बसायचं असं आधी ठरवायचं नाही. मंडळात एक पूर्ण भजन न चुकता वाजवलं की मग प्रारंभिकचा फॉर्म भरायचा. भाच्याला ही अटही पटली नाही, कारण एकदा फॉर्म भरला की वर्ग त्या फॉर्मसाठीच चालतो, असं तो म्हणतो. अमरावतीच्या गाडीची वेळ होईस्तोवर दोघं त्यावरच बोलत होते.